टेंभली ते दिल्ली : एका कायद्याचा दोन सभागृहांतील प्रवास

महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला, गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या सीमेला टेकून नंदुरबार जिल्हा वसलेला आहे. उत्तरेला सातपुडा आणि नर्मदा, दक्षिणेकडे तापीचे खोरे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून तो वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. शाळेच्या पुस्तकात नंदुरबारचे नाव भेटते ते १९४२ च्या लढ्यात गोळ्या झेललेल्या शिरीषकुमारमुळे. त्यानंतर देशभर हे नाव पुन्हा गाजले ते २९ सप्टेंबर २०१० रोजी. त्या दिवशी शहादा तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावात तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातील पहिले आधार क्रमांक तेथील दहा रहिवाशांच्या हाती देण्यात आले.

पुढे ही योजना साऱ्या देशात पसरली. रेशन, बँक, शिष्यवृत्ती, गॅस, मोबाइल, सगळीकडे तो बारा आकडी क्रमांक मागितला जाऊ लागला. मात्र एक गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात आहे. टेंभलीत क्रमांक वाटले गेले तेव्हा देशात आधारचा कायदा अस्तित्वात नव्हता. तो झाला २०१६ साली. सहा वर्षे ही योजना केवळ सरकारी आदेशावर चालली. कायदा झाला, तोही अशा वाटेने की संसदेच्या दोन सभागृहांपैकी एकाचे म्हणणे त्यात नावापुरतेच उरले.

आपली संसद दोन सभागृहांची का केली गेली, कायदा तेथे कसा घडतो आणि हे नंदुरबारच्या आदिवासी किंवा मुसलमान माणसाने का समजून घ्यावे, हे सांगण्यासाठी टेंभलीच्या उदाहरणापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही.

संसद म्हणजे कोण?

संविधानाच्या अनुच्छेद ७९ नुसार राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा या तिघांची मिळून संसद होते. लोकसभेत आज ५४३ निवडून आलेले सदस्य असतात. अँग्लो-इंडियन समाजाचे दोन सदस्य नेमण्याची पूर्वीची तरतूद जानेवारी २०२० पासून संपली. लोकसभेची मुदत पाच वर्षांची, पण ती आधीही विसर्जित होऊ शकते.

राज्यसभेत २४५ सदस्य आहेत. त्यांपैकी २३३ राज्यांतून आणि काही केंद्रशासित प्रदेशांतून निवडले जातात, तर १२ जणांना साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतून राष्ट्रपती नेमतात. राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. याचा परिणाम असा, की एखाद्या निवडणुकीत लाट आली तर लोकसभा एका दिवसात पालटते, राज्यसभा मात्र हळूहळू पालटते. तिच्यात दोन वर्षांपूर्वीचे, चार वर्षांपूर्वीचे जनमतही बसलेले असते.

दुसरे सभागृह कशासाठी?

दिल्लीत दोन सभागृहे इंग्रजांच्या काळीच आली होती. १९१९ च्या कायद्याने वरिष्ठ सभागृह निर्माण केले, पण त्याचा मतदार होता मोठा जमीनदार, मोठा करदाता. म्हणून घटना समितीत या प्रश्नावर वाद झाला, तेव्हा दुसऱ्या सभागृहाविषयी अनेकांच्या मनात अढी होती. मोहंमद ताहिर यांनी वरिष्ठ सभागृह ही साम्राज्यशाहीची निर्मिती असून त्याची गरज नाही, अशी भूमिका घेतली. प्रा. शिब्बनलाल सक्सेना यांना ते प्रगतीच्या चाकातील अडसर वाटत होते. उलट नझिरुद्दीन अहमद यांचे म्हणणे होते की, दुसऱ्या सभागृहामुळे कायदेकामात संयम येईल आणि फेरविचाराला जागा मिळेल. एकाच प्रश्नावर घटना समितीतील दोन मुस्लिम सदस्य दोन बाजूंना उभे होते, हेही आपण नोंदवून ठेवले पाहिजे. समाज एका आवाजात बोलतो, हा समज तेव्हाही खरा नव्हता.

गोपालस्वामी अय्यंगार यांनी दुसऱ्या सभागृहाचा हेतू मांडला तो साधा होता. महत्त्वाच्या प्रश्नांवर तेथे गंभीर चर्चा व्हावी आणि क्षणिक भावनेच्या भरात होऊ घातलेल्या कायद्याला थोडा विलंब लागावा. हे सभागृह लोकनियुक्त सभागृहाच्या वरचढ असावे, असे त्यांनाही म्हणायचे नव्हते. थोडक्यात, कायदा एकदा वाचून भागत नाही, तो वेगळ्या डोळ्यांनी पुन्हा वाचला गेला पाहिजे. ३ एप्रिल १९५२ रोजी हे सभागृह स्थापन झाले आणि १३ मे १९५२ रोजी त्याची पहिली बैठक भरली.

नंदुरबारचे मत कुठे पोहोचते?

नंदुरबारचा मतदार लोकसभेत थेट पोहोचतो. या मतदारसंघात जिल्ह्यातील अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर हे चार आणि धुळे जिल्ह्यातील साक्री आणि शिरपूर हे दोन, असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. हे सहाही आणि स्वतः लोकसभेची जागाही अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून २००९ पर्यंत माणिकराव गावित येथून सलग नऊ वेळा निवडून आले. २००९ साली नव्या लोकसभेतील सदस्यांना शपथ देण्यासाठी हंगामी अध्यक्ष म्हणून तेच आसनावर बसले होते. २०१४ आणि २०१९ साली डॉ. हिना गावित, तर २०२४ साली गोवाल पाडवी येथून निवडून आले.

राज्यसभेत येथील मत आडवळणाने जाते. महाराष्ट्राला राज्यसभेच्या १९ जागा आहेत आणि त्या विधानसभेचे २८८ आमदार भरतात. विधान परिषदेच्या सदस्यांना त्यात मत नसते. मतदान पसंतीक्रमाने होते. सहा जागांची निवडणूक असेल, तर एक उमेदवार निवडून येण्यास साधारण ४२ आमदारांची मते लागतात. नंदुरबार जिल्ह्याचे आमदार आहेत चार.

येथील मुसलमान वाचकाला एक प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. जिल्ह्यातील सर्व जागा राखीव, मग जो अनुसूचित जमातीचा नाही त्याला येथून उभे राहता येत नाही. हे खरे आहे, आणि ज्या जमातींच्या जमिनी आणि जंगले शतकभर हिरावली गेली त्यांच्यासाठी ते न्याय्यही आहे. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही, हेही विसरू नये. खानदेशातील मुस्लिम तडवी भिल्लांना तो आहे. शिवाय उमेदवारी राखीव असली तरी मत कोणाचेच राखीव नाही. नंदुरबार शहरातील, शहाद्यातील, अक्कलकुव्यातील प्रत्येक मुसलमानाचे मत खासदाराला मागावेच लागते.

राज्यसभेत जागा राखीव नाहीत. तेथे रफिक झकेरिया, नजमा हेपतुल्ला, हुसेन दलवाई, माजिद मेमन महाराष्ट्रातून गेले. नजमा हेपतुल्ला तर अनेक वर्षे तेथील उपसभापती होत्या. २००३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन उमेदवार त्याच राज्याचा मतदार असण्याची अट गेली. त्यामुळेच उत्तर प्रदेशचे कवी इम्रान प्रतापगढी २०२२ साली महाराष्ट्रातून राज्यसभेवर जाऊ शकले. २०२४ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातून एकही मुसलमान लोकसभेवर गेला नाही. ज्या समाजाचे पहिल्या सभागृहातील संख्याबळ असे रोडावते, त्याला दुसरे सभागृह जिवंत असण्याची गरज अधिक वाटली पाहिजे.

विधेयकाची वाट

कायद्याचा मसुदा सभागृहात आला की त्याला विधेयक म्हणतात. मंत्री ते मांडू शकतो, तसेच साधा सदस्यही खासगी विधेयक मांडू शकतो. मांडणे हे पहिले वाचन. दुसऱ्या वाचनात आधी सर्वसाधारण चर्चा होते, मग एकेक कलम घेऊन दुरुस्त्या सुचवल्या जातात आणि त्यांवर मते घेतली जातात. तिसऱ्या वाचनात संपूर्ण विधेयक मंजूर की नामंजूर, एवढाच प्रश्न उरतो. मग ते दुसऱ्या सभागृहात जाते आणि तेथेही याच तीन पायऱ्या चढते. दोन्ही सभागृहांनी एकाच शब्दांत मंजूर केल्यावर ते राष्ट्रपतींकडे जाते. त्यांची अनुमती मिळाली की त्याचा कायदा होतो.

या वाटेवर सर्वांत महत्त्वाचा मुक्काम समितीचा असतो. खात्यांशी निगडित स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. एखाद्या विधेयकासाठी दोन्ही सभागृहांची स्वतंत्र संयुक्त समितीही नेमता येते. समितीपुढे अधिकारी, तज्ज्ञ, संघटना आणि सामान्य नागरिक आपले म्हणणे मांडू शकतात. कॅमेरा नसतो, पक्षादेश नसतो, त्यामुळे पुष्कळदा खरे काम तेथेच होते. पण विधेयक समितीकडे पाठवणे बंधनकारक नाही.

दोन सभागृहांचे जमले नाही तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. तेथे लोकसभेची संख्या जास्त असल्याने बहुधा तिचेच चालते. कायद्यासाठी अशी बैठक आजवर तीनदाच झाली: १९६१ साली हुंडाबंदीसाठी, १९७८ साली बँक सेवा आयोग रद्द करण्यासाठी आणि २००२ साली पोटा कायद्यासाठी. घटनादुरुस्तीसाठी मात्र संयुक्त बैठक नाही. तेथे दोन्ही सभागृहांनी वेगवेगळी, विशेष बहुमताने मंजुरी द्यावीच लागते.

अपवाद आहे तो धन विधेयकाचा. ज्यात केवळ कर, कर्ज, संचित निधीतून होणारा खर्च अशाच बाबी असतात, ते धन विधेयक. ते फक्त लोकसभेतच मांडता येते. राज्यसभेने ते १४ दिवसांत परत करायचे. तिने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभा स्वीकारेल किंवा फेटाळेल. एखादे विधेयक धन विधेयक आहे की नाही, हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. यामागचा विचार योग्य होता. सरकारचा रोजचा खर्च थेट निवडून न आलेल्या सभागृहाने अडवू नये. पण पैशासाठी ठेवलेल्या या दारातून दुसरेच काही आत नेले तर काय होते, ते टेंभलीच्या कहाणीत दिसते. त्याआधी याच जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा दुसरा एक कायदा पाहू.

एक कायदा सावकाश झाला

नंदुरबारमध्ये जंगलजमिनीचा प्रश्न जुना आहे. सत्तरच्या दशकात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने शहादा परिसरात आदिवासींच्या जमिनींसाठी जो लढा दिला, तो महाराष्ट्राला ठाऊक आहे. सातपुड्यात पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा माणूस कागदावर मात्र अतिक्रमण करणारा ठरत होता.

१३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेत वनहक्काचे विधेयक आले. त्यात फक्त अनुसूचित जमातींचा विचार होता, २५ ऑक्टोबर १९८० पूर्वीचा ताबा हवा होता आणि एका कुटुंबाला अडीच हेक्टरची मर्यादा होती. विधेयक व्ही. किशोर चंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालील दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीने मे २००६ मध्ये अहवाल दिला. १५ डिसेंबर २००६ रोजी लोकसभेने आणि १८ डिसेंबरला राज्यसभेने विधेयक मंजूर केले, तेव्हा त्याचे रूप पालटले होते. ताब्याची तारीख १९८० वरून १३ डिसेंबर २००५ वर आली. मर्यादा चार हेक्टर झाली. दाव्यांचा आरंभ ग्रामसभेतून होणार, हे पक्के झाले. कायद्याचे नावसुद्धा बदलले आणि त्यात ‘इतर पारंपरिक वननिवासी’ हे शब्द आले. तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, जंगलात राहून त्यावरच उपजीविका करणारा बिगर-आदिवासी माणूसही, मग त्याचा धर्म कोणताही असो, हक्क मागू शकेल अशी तरतूद झाली.

या कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत. पण मूळ मसुदा जसाच्या तसा एका दिवसात मंजूर झाला असता, तर १९८० नंतर जमीन कसू लागलेल्या माणसाला दावा करण्याची जागाच उरली नसती. समितीत गेलेल्या त्या काही महिन्यांनी त्याला ती मिळवून दिली.

आणि एक घाईने

आता आधारकडे वळू. विशिष्ट ओळख प्राधिकरण जानेवारी २००९ मध्ये नियोजन आयोगाच्या एका अधिसूचनेने स्थापन झाले. टेंभलीचा कार्यक्रम झाल्यावर दोन महिन्यांनी, ३ डिसेंबर २०१० रोजी, त्याला कायद्याचा आधार देणारे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. ते यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील अर्थविषयक स्थायी समितीकडे गेले. समितीने डिसेंबर २०११ मध्ये ते त्या स्वरूपात स्वीकारार्ह नसल्याचा अहवाल दिला. कायद्याविनाच नोंदणी सुरू ठेवणे, लोकांच्या माहितीचे संरक्षण, बोटांच्या ठशांचा भरवसा, अशा अनेक शंका तिने काढल्या. विधेयक तसेच पडून राहिले, नोंदणी मात्र थांबली नाही. २०१२ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, आधार नाही म्हणून कोणाचे नुकसान होता कामा नये.

२०१४ साली सरकार बदलले. नव्या सरकारला लोकसभेत बहुमत होते, राज्यसभेत नव्हते. ३ मार्च २०१६ रोजी आधारचे नवे विधेयक लोकसभेत आले, तेही धन विधेयक म्हणून. सरकारी अनुदाने संचित निधीतून दिली जातात आणि आधार त्यासाठी आहे, असा युक्तिवाद होता. लोकसभेच्या अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी तसे प्रमाणित केले. यावेळी ते कोणत्याही समितीकडे गेले नाही. ११ मार्चला लोकसभेने मंजुरी दिली.

१६ मार्च २०१६ हा अधिवेशनाच्या पहिल्या टप्प्याचा शेवटचा दिवस. त्या दिवशी राज्यसभेत चर्चा झाली आणि जयराम रमेश यांनी मांडलेल्या पाच दुरुस्त्या मंजूर झाल्या. ज्याला आधारमधून बाहेर पडायचे आहे त्याला ती मुभा असावी. ज्याच्याकडे क्रमांक नाही त्याला ओळखीचा दुसरा पुरावा चालावा. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून माहिती उघड करण्याच्या अधिकाराचे शब्द नेमके करावेत. त्यावर देखरेख करणाऱ्या समितीत सरकारबाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेचा माणूस असावा. आणि खासगी कंपन्यांनाही आधारची मागणी करू देणारे कलम ५७ काढून टाकावे. त्याच संध्याकाळी विधेयक लोकसभेत परत आले, पाचही दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या आणि संविधानानुसार विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केल्याचे मानले गेले. २५ मार्चला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली. तोवर जवळपास १०० कोटी क्रमांक वाटून झाले होते. कायद्यातील कलम ५९ ने २००९ पासून केलेले सारे काही याच कायद्याखाली केले असे समजावे, असे ठरवून टाकले. टेंभलीच्या त्या दहा क्रमांकांना कायदा मिळाला तो असा, मागील तारखेने.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा वैध ठरवला आणि तो धन विधेयक म्हणून मंजूर होणेही योग्य मानले. पण त्याच निकालात राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली माहिती उघड करण्याचे पोटकलम होते त्या स्वरूपात रद्द झाले आणि कलम ५७ मधील खासगी कंपन्यांना मुभा देणारा भागही रद्द झाला. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने ते कलमच वगळले. म्हणजे राज्यसभेने पाच ठिकाणी बोट ठेवले होते, त्यांपैकी दोन ठिकाणी न्यायालयाला अडीच वर्षांनी थांबावे लागले. मधल्या काळात सिमकार्डासाठी, बँक खात्यासाठी लोकांनी ज्या रांगा लावल्या, त्यांचा हिशेब कोणी मांडला नाही. एकटे वेगळे मत देणारे न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, हा कायदा धन विधेयक म्हणून नेणे ही संविधानाची प्रतारणा आहे, असे लिहिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने धन विधेयकाचा हा प्रश्न अधिक मोठ्या खंडपीठाकडे सोपवला.

आपल्या घरातील उदाहरण

धन विधेयकाची वाट नसली की राज्यसभा काय करू शकते, याचे उदाहरण आपल्या समाजाने जवळून पाहिले आहे. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक अवैध ठरवला. २८ डिसेंबर २०१७ रोजी लोकसभेत त्याला गुन्हा ठरवणारे विधेयक आले आणि त्याच दिवशी मंजूर झाले. या कायद्याबद्दल आपल्यात तीव्र मतभेद आहेत. पीडित स्त्रीला बळ मिळाले, असे म्हणणारे आहेत. नवऱ्याला तुरुंगात टाकून तिची पोटगी कोण देणार, असे विचारणारेही आहेत. तो वाद येथे सोडवायचा नाही. येथे फक्त विधेयकाचा प्रवास पाहायचा आहे.

राज्यसभेत सरकारला बहुमत नव्हते. विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवा, अशी मागणी झाली आणि ते अडले. पहिल्या मसुद्यात तक्रार कोणी करावी याला मर्यादा नव्हती आणि जामिनाची वाट अवघड होती. ऑगस्ट २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने तीन बदल मान्य केले. तक्रार पत्नी किंवा तिचे नातेवाईकच करू शकतील. पत्नीचे म्हणणे ऐकून दंडाधिकारी जामीन देऊ शकतील. आणि पत्नीची इच्छा असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीने तडजोड होऊ शकेल. हे बदल सप्टेंबर २०१८ च्या वटहुकुमात आले आणि पुढे कायद्यातही राहिले. २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर राज्यसभेत पडून असलेले विधेयक रद्द झाले. नव्या लोकसभेने २५ जुलै २०१९ रोजी आणि राज्यसभेने ३० जुलैला, ९९ विरुद्ध ८४ मतांनी, ते मंजूर केले.

राज्यसभेने कायदा रोखला नाही. रोखावा अशी तिच्याकडून अपेक्षाही नाही. तिने दीड वर्ष लावले, आणि त्या अवधीत कोणाही शेजाऱ्याला पोलीस ठाण्यात जाऊन दुसऱ्याच्या संसाराची तक्रार करता येणार नाही, एवढी सुधारणा झाली. कायद्याचे समर्थक असोत की विरोधक, ही सुधारणा वाईट झाली असे कोणी म्हणणार नाही.

मर्यादाही ओळखाव्यात

दुसऱ्या सभागृहाकडून चमत्काराची आशा करू नये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मांडलेले वक्फ दुरुस्ती विधेयक संयुक्त समितीकडे गेले. ९७ लाखांहून अधिक निवेदने आल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले. तरीही समितीत विरोधी सदस्यांच्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या आणि त्यांना भिन्नमत पत्रिका जोडाव्या लागल्या. एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ आणि राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५ मतांनी, दोन्ही ठिकाणी मध्यरात्र उलटून गेल्यावर, ते मंजूर झाले. दोन्हीकडे बहुमत एकाच बाजूला असेल तर समिती आणि दुसरे सभागृह कायद्याची दिशा बदलू शकतातच असे नाही. पण प्रत्येक कलमावरचा आक्षेप छापील नोंदीत राहतो आणि न्यायालयापुढे, पुढच्या निवडणुकीपुढे तो बोलत राहतो.

आणखी एक दार खास नंदुरबारसारख्या भागासाठी आहे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके पूर्ण, आणि शहादा व नंदुरबार तालुक्यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. संसदेने केलेला कायदा येथे लागू करू नये किंवा बदल करून लागू करावा, असे ठरवण्याचा अधिकार पाचव्या अनुसूचीने राज्यपालांना दिलेला आहे. घटनाकारांनी दुर्बलांसाठी फेरविचाराची जागा एकाहून अधिक ठिकाणी ठेवली होती. ती वापरण्याचा आग्रह मात्र आपल्यालाच धरावा लागेल.

आपण काय करावे?

आपल्या सभा-संमेलनांतून कायद्याची चर्चा बहुतेक वेळा तो मंजूर झाल्यावर सुरू होते. मोर्चा निघतो, निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना दिले जाते, फोटो वर्तमानपत्रात येतो. जिल्हाधिकारी कायदा करत नाहीत. विधेयक मांडले जाते त्याच दिवशी त्याचा मसुदा खुला होतो. समितीकडे गेले तर सूचना मागवण्याची जाहिरात येते, पण मुदत थोडी असते. त्या मुदतीत मसुद्यातील प्रत्येक कलम मराठीतून आणि उर्दूतून समजावून सांगणारी चार माणसे प्रत्येक तालुक्यात असली पाहिजेत. आपले वकील, शिक्षक आणि लेखक हे काम करू शकतात. आपल्या खासदाराने आणि राज्यातील १९ राज्यसभा सदस्यांनी कोणत्या विधेयकावर काय भाषण केले, ते छापील स्वरूपात उपलब्ध असते. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या आमदारालाही विचारता येते, की राज्यसभेसाठी तुम्ही कोणाला मत दिले आणि का.

टेंभलीच्या दहा माणसांना २०१० साली कोणी विचारले नव्हते, की या क्रमांकासाठी कायदा हवा का, आणि हवा तर कसा. तो प्रश्न डिसेंबर २०११ मध्ये एका समितीने विचारला आणि १६ मार्च २०१६ च्या दुपारी राज्यसभेने पुन्हा विचारला. दोन्ही वेळा उत्तर ऐकून घेण्याआधी काम पुढे गेले. पुढचे विधेयक येईल, मग ते जंगलाचे असो, वक्फचे असो, शिक्षणाचे असो की ओळखपत्राचे. त्या वेळी ते कोणत्या समितीकडे चालले आहे आणि सूचनांची शेवटची तारीख कोणती, हे दोन प्रश्न शहाद्याच्या चौकात आणि नंदुरबारच्या मोहल्ल्यात आधी विचारले गेले पाहिजेत.